विहिरीवरची बाळंतीण

“हात काढा, मालक. आधी हात काढा, मग तोंड उघडा. माझ्या बाळंतिणीला पाना लावायचं काम तुम्हाला सांगितलं कोणी?”

ही गर्जना गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मागच्या चौकात झाली आणि, खोटं सांगत नाही, चौपाटीवर एका भेळवाल्याच्या हातून चिंचेची चटणी सांडली. चौकातल्या विहिरीच्या कट्ट्यावर आमचे घरमालक ओणवे झाले होते. डोक्यावर काळी टोपी, हातात कोपराएवढा लांब पाना. गर्जना कानी पडताच पाना सुटला, टोपी घरंगळली. आणि ती विहीर, तो चौक आणि आमच्या पायाखालची जमीनसुद्धा ज्यांच्या मालकीची, ते मालक शाळकरी पोरासारखे हात मागे घेऊन उभे राहिले.

गर्जना करणाऱ्या त्या आमच्या नर्सबाई. आणि बाळंतीण म्हणजे विहिरीवरचा पाण्याचा पंप.

नर्सबाईंना आईबापांनी ठेवलेलं एखादं नाव असणारच. पण ते कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. मूळच्या त्या वेंगुर्ल्याकडच्या. परळच्या एका इस्पितळात नोकरी, आमच्याकडे तळमजल्यावर एका खोलीचं बिऱ्हाड, पांढरं पातळ, पायात पुरुषी बूट. घरच्या बाळंतपणाला बोलावलं तर अंगावरच्या कपड्यांनिशी निघत. अडलेल्या बाईपाशी जाऊन त्या नुसतं “हं, चल आता” म्हणाल्या की मूल घाबरून बाहेर येई. आमच्या चाळीतली निम्मी प्रजा या भीतीपोटीच जन्माला आली. मीही त्यातलाच.

माझ्या जन्माच्या दिवशी चाळीत पाण्याचा थेंब नव्हता. नळ सकाळी खोकून गेलेला. विहीर तुडुंब, पण डास होतात म्हणून सरकारी माणसांनी तिच्यावर लोखंडी झाकण ठोकलेलं आणि रहाट उतरवलेला. बाईंनी कोपऱ्यावरच्या इराण्याकडून गोटीसोड्याच्या बाटल्या मागवल्या, फटाफट गोट्या आत ढकलल्या आणि मला सोड्याची आंघोळ घातली. माझ्या बोलण्यात फेस फार, असं लोक म्हणतात, त्याचं मूळ इथं आहे. मला पुसून आईच्या कुशीत दिल्यावर बाई तशाच ओल्या हातांनी मालकांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत काय बोलणं झालं कोणास ठाऊक, पण मालकांनी माझगावच्या भंगारातून एक पंप आणून विहिरीवर बसवला. शेजारी एक विजेची मोटर आणि दोघांना जोडणारा चामड्याचा रुंद पट्टा. मोटर फिरली की पट्टा फिरणार, पट्टा फिरला की पंप, आणि पंप फिरला की वरच्या टाकीत पाणी.

पंप कुठल्याशा मोडीत काढलेल्या बोटीवरचा होता आणि आला तेव्हाच म्हातारा होता. मालकांनी तो बसवतानाच सर्वांना ऐकवलं की हा चालेल तोवर चालेल. ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी विहिरीवर लादी घालीन आणि लादीवर लाँड्री काढीन. नवा पंप मी घेणार नाही, दुसऱ्या कोणाचा माझ्या विहिरीवर बसू देणार नाही. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त त्या लाँड्रीची स्वप्नं पडत. रोज दुपारी ते गॅलरीत उभे राहून पंपाकडे असे बघत, जसा एखादा वारसदार मोठ्या काकांच्या खोकल्याकडे कान देतो.

म्हणजे हिशेब सरळ होता. पंप जिवंत तोवर विहीर आमची. आणि पंप जिवंत ठेवायचा विडा उचलला होता नर्सबाईंनी, ज्यांना तेव्हा पंपातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ती विद्या त्यांनी एका बाळंतपणाच्या मोबदल्यात मिळवली. लालबागला एका गिरणीत कांबळे नावाचे फिटर होते. त्यांच्या बायकोला बाईंनी मोठ्या संकटातून सोडवलं. कांबळ्यांनी विचारलं, बाई, तुम्हाला काय देऊ? बाई म्हणाल्या, रविवारी या आणि माझा एक पेशंट बघा. कांबळे आले, धोतर खोचलं आणि विहिरीच्या झाकणाची झडप उचलून आत उतरू लागले, कारण पंपाच्या नळीचं पाण्यात बुडलेलं टोक आधी तपासायला हवं होतं. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आक्का कठड्यावर आल्या. आक्का म्हणजे चाळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या, कडक सोवळ्याच्या आणि तिखट तोंडाच्याही. कोण उतरतंय, कुठला, नाव काय, अशी त्यांनी चौकशी आरंभली, आणि नाव कळल्यावर म्हणाल्या की आता हे पाणी आम्ही कसं प्यायचं?

बाईंनी या वेळी आवाज चढवला नाही. म्हणून सगळी चाळ घाबरली.

“आक्का, तुमच्या नातवाची नाळ कापली त्याच दिवशी, त्याच हातांनी, मी यांच्या मुलाचीही कापली. आधी लालबागला, मग तुमच्याकडे. तुम्ही तेव्हा माझ्या हातावर साखर ठेवली होतीत. ज्याला हे पाणी नको असेल त्याने नळाची वाट बघावी.”

नळाची वाट बघण्याइतकं सोवळं आमच्या चाळीत कोणाचंच कडक नव्हतं. आक्का आत गेल्या. पुढे कांबळे दर महिन्या-दोन महिन्यांनी येत, आणि काही वर्षांनी त्यांच्यासाठी चहाचा कप वरून पहिला आक्काच घेऊन उतरत. हे कसं झालं ते आक्कांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांना विचारायची आमची छाती नव्हती.

कांबळे मोजकं बोलत. “मशीन कामाने मरत नाही, बाई, घाईने मरतं,” हे त्यांचं वाक्य. बाईंनी ते आपल्या भाषेत उतरवून घेतलं आणि त्यातून एक अख्खं पंपशास्त्र उभं केलं. उदाहरणार्थ, पंप सुरू करण्याआधी त्याच्या पोटात तांब्याने पाणी ओतावं लागे. कोरडा फिरला तर आतून जळून जाई. बाई सांगत, “उपाशीपोटी कळा द्यायला लावू नका रे मेल्यांनो.” पंपाला सलग पळवायचं नाही, मध्ये विसावा द्यायचा, त्याला त्या ‘कळांमधला दम’ म्हणत. हे इतकं मुरलं की चाळीतले बाप्ये कचेरीतसुद्धा, साहेब, जरा दोन कळांमधला दम घेतो, असं म्हणून चहाला उठू लागले.

सर्वांत मोठं भांडण थेंबांचं. पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथे ग्रीस लावलेल्या सुताच्या दोरीचे वेढे भरलेले असत आणि त्यांतून पाणी थेंब थेंब गळे. ते गळायलाच हवं. त्या थेंबांनीच दांडा गार राहतो. वरची चकती आवळून गळती बंद केली की दांडा तापतो, झिजतो, आणि पंपाचे दिवस भरतात. मालकांना मात्र तो थेंब डोळ्यांत खुपे. पाणी वाया जातंय हो, माझं पाणी, असं ते म्हणत. “मालक, माझी बाळंतीण घामेजलेली असली की मला झोप लागते,” बाई सांगत, “ती कोरडी पडली की समजा, गेली.” गोष्टीच्या सुरुवातीला मालक पाना घेऊन ओणवे झाले होते ते हीच चकती आवळायला. काटकसर म्हणून की लाँड्री लवकर निघावी म्हणून, ते मालकांना ठाऊक आणि त्या लाँड्रीला ठाऊक.

सकाळी इस्पितळात जाण्यापूर्वी बाईंची फेरी विहिरीवर होई. गळ्यात इस्पितळातून बाद झालेली जुनी तपासायची नळी, डॉक्टर छातीला लावतात ती. ती पंपाच्या कुशीला लावून बाई डोळे मिटत आणि आम्ही सगळे श्वास रोखत. मग उपड्या हाताने बेअरिंगचा ताप बघायचा. “कण्हतेय. तेल द्या.” किंवा, “आज नाडी छान आहे, घ्या भरून.” एकदा चाळीत पाहुणे आलेले एक काका हे दृश्य बघून इतके हेलावले की तेही रांगेत उभे राहिले, आणि बाईंनी पंपाच्या पाठोपाठ त्यांचीही छाती तपासून तंबाखू बंद केली. काका नव्वदीपर्यंत जगले. पंपाचं तर पुढे सांगतोच आहे.

पावसाळ्यात मोटर दमट होई आणि तशीच चालवली तर जळण्याची भीती. बाईंनी त्यावर शेकशेगडी काढली. निखाऱ्यांची शेगडी बेताच्या अंतरावर ठेवून मोटरीला शेक द्यायच्या, वर रिकाम्या पोत्याचा आडोसा. त्यात ओव्याची चिमूट टाकायची काहीच गरज नव्हती. पण शेगडी म्हटली की बाईंचा हात आपोआप ओव्याकडे जाई. श्रावणात आमच्या चौकात असा वास दरवळे की रस्त्यावरून जाणाऱ्या बायका आत डोकावून विचारत, मुलगा की मुलगी?

गणपतीत आणखी एक संकट. निर्माल्य पायदळी जाऊ नये म्हणून चाळीतली भाविक मंडळी ते गुपचूप झडपेतून विहिरीत सोडत आणि झेंडू-दूर्वा जाऊन नळीच्या टोकाच्या जाळीला बसत. पंपाचा घसा दाटे. बाईंनी एका वर्षी आरतीच्या मधेच, ‘जय देव जय देव’ चालू असताना, मोठ्याने जाहीर केलं की जो माझ्या बाळंतिणीच्या तोंडात फुलं कोंबेल त्याच्या घरचं पुढचं बाळंतपण त्याने स्वतः करावं. त्यानंतर विहिरीत पाकळी पडली नाही.

अशी वर्षं गेली आणि संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. मी तेव्हा नुकता कारकुनीला चिकटलो होतो, पण कचेरीपेक्षा मोर्च्यात माझी हजेरी जास्त. गिरगाव नुसतं पेटलं होतं. भिंतीभिंतीवर चुन्याने घोषणा; आणि आश्चर्य म्हणजे आमचे मालकही त्यात सर्वांत पुढे. छाती काढून सभेला जात, घसा बसेपर्यंत ओरडत. एकदा सभेहून परतताना तार स्वरात म्हणाले, मुंबई कोणाच्या बापाची नाही, मुंबई महाराष्ट्राचीच. पायरीवर बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “आणि विहीर?”

“विहीर माझी,” मालक म्हणाले आणि जिना चढले.

मग तो दिवस आला. सकाळीच मोर्चा निघाला. मालक पुढे, आम्ही मागे. बाईंची त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी टाकी भरून ठेवायचं ठरवलं होतं, कारण असल्या दिवशी कोण कुठून डोकं फोडून येईल सांगता येत नाही. पण पलीकडच्या गल्लीत एका पोरीला अवेळी कळा सुरू झाल्या आणि बाई तिकडे धावल्या. टाकी रिकामीच राहिली.

दुपारी नाक्यावर अश्रुधुराची नळकांडी फुटली. मी आजवर पुष्कळ थापा मारल्या असतील, पण तो धूर मात्र मी सांगतो त्याहून वाईट होता. डोळ्यांत कोणी मिरच्यांचं उखळ रिकामं केल्यासारखं झालं. लोक मिळेल त्या दारात घुसले आणि शेदोनशे माणसांचा लोंढा आमच्या चौकात आला. ओळखीचे, अनोळखी, सगळे आंधळे. सगळे पाणी मागत होते. नळ कोरडा. वर टाकी कोरडी. कोणीतरी पंपाच्या पोटात तांब्या ओतून मोटरीचा खटका ओढला. मोटर फिरली, पट्टा सुळसुळला, घसरला, आणि पंप जागचा हलला नाही. पुन्हा खटका, पुन्हा सुळसुळ. पाण्याचा थेंब नाही.

आणि त्याच वेळी, दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून, टोपी हरवलेले मालक आत आले. डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून धारा.

“पाणी,” ते म्हणाले. “अरे, पाणी घाला कोणीतरी.”

“पंप बंद पडलाय, मालक,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं. त्या गलक्यातही चाळकऱ्यांचे कान उभे राहिले. कारण चाळीतल्या प्रत्येकाला ते शब्द ठाऊक होते. पंप बंद, म्हणजे लादी. लादी, म्हणजे लाँड्री. इतक्या वर्षांत मालक ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला होता आणि मालकांना तो दिसत नव्हता.

“मग चालू करा,” मालक म्हणाले. “बाई कुठे आहेत? बाईंना बोलवा.”

बाई दारातच होत्या. पलीकडचं मूल सुखरूप आणून, पदराला हात पुसत आल्या होत्या. गर्दी दुभंगली. बाईंनी पंपाला नळी लावली नाही, ताप बघितला नाही. पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

“खोबरेल,” त्या म्हणाल्या. “कोमट करून लावलंय. कोणी?”

मग पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून आक्का एकेक पायरी उतरल्या. त्यांनी पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला. “मी लावलं,” आक्का म्हणाल्या. “इतकी वर्षं तुम्ही शेक देता, पाणी पाजता, दम खाऊ घालता. म्हटलं, बाळंतीण आहे, हिच्या अंगाला कधी कोणी तेल लावलं नाही. आज एवढी माणसं येणार, तिला बळ नको?”

नर्सबाई हसायला लागल्या. त्यांचं हसूही त्यांच्या आवाजाच्या मापाचं. डोळे चोळत उभी असलेली ती सगळी गर्दी, काय झालं हे न कळताच, रडत रडत हसू लागली. एकटे मालक, पाणी, पाणी, करत होते.

पण बाईंचे हात थांबले नव्हते. खटका खाली. पट्टा उतरवून कोरड्या धडप्याने खसाखसा पुसला. मग आपल्या बॅगेतून बाळांची पावडर काढली आणि अख्खा डबा पट्ट्यावर उपडा केला. तेल शोषलं गेलं तशी पुन्हा पुसली. तरी पट्ट्याला पकड येईना. कांबळ्यांनी कधीतरी सांगितलं होतं, पट्टा घसरू लागला तर राळ घासायची, म्हणजे पकड येते. आता मोर्च्याच्या दिवशी राळ कुठून आणायची? बाईंनी मान वर करून तिसऱ्या मजल्यावरच्या गोडबोल्यांना हाक मारली. गोडबोले व्हायोलिन वाजवत, आणि व्हायोलिनच्या गजाला राळ लागते. जपून वापरलेला तो पिवळा खडा त्यांनी छातीशी धरून खाली आणला, एकदा त्याचा वास घेतला आणि दिला. बाईंनी तो पट्ट्यावर घासला, पट्टा चढवला, तांब्याभर पाणी पंपाच्या पोटात ओतलं आणि खटका ओढला.

पंपाने एक हुंकार दिला आणि धो धो पाणी आलं. गोडबोले मरेपर्यंत सांगत की त्या दिवसापासून पंप काळी चारच्या सुरात लागला.

बाईंनी पहिला तांब्या मालकांच्या डोळ्यांवर धरला. दुसरा, तिसराही. मग इतरांची रांग लागली. आक्का कळशीने पाणी वाढत होत्या आणि कोणालाही नाव विचारत नव्हत्या. मालकांनी डोळे उघडले तेव्हा सारा चौक तोंडं धूत होता. परळकडचा एक तरणा कामगार ओंजळीने पोटभर प्यायला, मिशा पुसल्या आणि मालकांना म्हणाला, “पाणी गोड आहे हो. कोणाची विहीर?”

मालकांनी त्याच्याकडे बघितलं. गर्दीकडे बघितलं. बाईंकडे बघायचं टाळलं.

“आमची,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, “आमच्या चाळीची.”

बाई तांब्या विसळत होत्या. “ऐकलं ना सगळ्यांनी,” त्या म्हणाल्या. लाँड्रीचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली, साखर वाटली गेली, चाळीवर दिवे लागले. त्यानंतर काही दिवसांनी बाईंची नोकरी संपली आणि त्या वेंगुर्ल्याला भावाकडे जायला निघाल्या. निरोपाला सगळी चाळ खाली उतरली. कांबळे सहकुटुंब लालबागहून आले. बाईंनी कोणाला मिठी मारली नाही, कोणाला आशीर्वादही दिला नाही. पंपाच्या बेअरिंगला उपडा हात लावला, गळ्यातली नळी काढून विहिरीशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि टॅक्सीवाल्यावर, बॅग अशी फेकतात का, म्हणून शेवटचं ओरडल्या. टॅक्सी वळली तरी आवाज येत होता.

पुढे एका श्रावणात त्या गेल्याची बातमी आली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मालकांनी स्वतः शेगडी पेटवली, मोटरीला शेक दिला, आणि मी पाहिलं, खिशातून ओव्याची पुडी काढून चिमूटभर निखाऱ्यांवर टाकली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तळमजल्यावर एक नवं बिऱ्हाड आलं. माणूस हौशी, हाताला काम हवं असणारा. एका रविवारी विहिरीवर पाना घेऊन आला, पंपाकडे वाकून बघितलं आणि कट्ट्यावर बसलेल्या मालकांना म्हणाला, “हे गळतंय की. दोन फेरे आवळले की थांबेल. आवळू?”

मालक तेव्हा फार थकले होते. त्यांनी खिळ्यावरच्या नळीकडेही बघितलं नाही.

“नको,” ते म्हणाले. “बाई ओरडतील.”